मूठभर सुकट

डब्यात उरले एकशे बारा दाणे.
मोजले. हसायचं तर हसा.
निम्मे माशाच्या आकाराचे, निम्मे चांदणीच्या,
आणि मुकादम चांदणीला तोंड लावत नाही.
एकाच पिठाचे आहेत रे, म्हटलं, पाकिटावर छापलंय.
तो खिडकीबाहेर बघत बसला,
पगार थकलेल्या माणसासारखा.

शेवंतीचं तसं नाही. शेवंती खाते,
पण निळ्या बशीतलंच, आणि मी पाठ केली की.

नवी पेठ, तिसरा मजला.
खाली ओसवालांचं दुकान दोन तास उघडतं.
खडूच्या गोलात उभी राहते मी, पिशवी पोटाशी धरून.
तूरडाळ? संपली. पोहे? उद्या बघा.
साखर माणशी अर्धा किलो.
"घरात किती माणसं?"
तीन, म्हणाले मी,
आणि मागच्या गोलातले आठल्ये खोकले.
त्यांना माहीत आहे.

मसूर मिळाली, शेवया मिळाल्या,
कुणीच न उचललेलं नाचणीचं पीठ मिळालं.
मांजराचं खाणं?
ओसवालांनी चष्मा कपाळावर चढवला,
जणू मी तोळाभर केशर मागितलं.

मग घरी प्रयोग.
दूधभात: वास घेतला, बशीभोवतीची फरशी उकरली,
ते दुसरं काही पुरतात ना, तशी.
उकडलेलं अंडं: पिवळं चाटलं, पांढरं कपाटाखाली लोटलं.
नाचणीची पेज: त्याबद्दल न बोललेलं बरं.
पनीर असतं तर खाल्लं असतं त्यांनी,
पण पनीर असतं तर मीच खाल्लं असतं.

रात्री दोघं माझ्या छातीवर येऊन बसतात.
बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारी ऐकल्या,
इतकी बिनशब्दांची एकही नव्हती.

कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाशेजारी
एक नंबर: इंदू भोई, पाटीवाली.
कोपऱ्यावर बसायची ती दर मंगळवारी
आणि मी नाकाला पदर लावून
पलीकडच्या फुटपाथने जायचे. वीस वर्षं.
मुकादम आजारी पडला त्या साली मात्र
तिच्यासमोर उकिडवी बसले होते, काटे कसे काढायचे विचारत.

फोन लावला.
"ताजं कुठनं आणू ताई, पुलावर बांबू बांधलेत.
सुकट हाय. मूठभर. आमीच पुरवून खातोय."
मग नको, म्हटलं.
ती गप्प राहिली. मागे कुणाचं तरी मूल रडत होतं.
"मुकं जनावर हाय. धाडते.
चहापावडर असली तर द्या चिमूटभर."

नातू आला दुधाच्या गाडीवर बसून.
मी दोरीला बादली बांधून सोडली,
त्यात अर्धा पुडा चहा
आणि मुकादमाच्या नावावर घेतलेली साखर.
वर आली वर्तमानपत्राची पुडी,
लग्नाचं पाखरू असावं इतकी हलकी.

तव्यावर कोरडी भाजली. या घरात पहिल्यांदाच.
खिडक्या लावल्या, मग उघडल्या,
वास कुठूनतरी आठल्यांकडे जाणारच.
शेवंती आली. मी पाठ केली. तिने खाल्लं.
मुकादम आला. वास घेतला.
माझ्याकडे बघितलं.
फरशी उकरली.

उरलेली टाकवेना.
तिच्या घरातली मूठ होती ती.
माझ्यापुरता कांदा चिरला, तिखट घातलं,
पुन्हा फोन करून विचारलं, मीठ किती?
"आधीच खारट असतं. चाखून बघा की."

चाखून बघितलं.
ओट्याशी उभी राहून, नाचणीच्या भाकरीसोबत,
वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.
डोळ्यांत पाणी आलं. कांद्याचं म्हणू.
मुकादम फ्रीजवर बसून
माझा एकेक घास बघत होता,
मी त्याचा बघायचे तसा.

मग उतरला. वाटीपाशी गेला.
चांदण्यांतली एक उचलली.
कडकन आवाज झाला.

मी पाठ केली.