तिसरा सेट

वजिराबादच्या गल्लीत, मुनीरभाईंच्या काउंटरवर
आठ वस्तू मांडून ठेवलेल्या. माझ्या पर्समध्ये
सात हजार दोनशे, त्यातले अकराशे पोशट्टीचे,
त्यानं टायरसाठी बाजूला टाकलेले.

'सॅटेलाइट फोन?' मी विचारलं.
मुनीरभाईंनी आधी शटरकडं बघितलं, मग माझ्याकडं.
'परवानगी लागती मॅडम. नसली तर
जंगलात हरवायच्या आधी ठाण्यात सापडाल.'

हॅम रेडिओला परीक्षा.
आयुष्यभर परीक्षाच दिल्या, म्हटलं, पुढचं दाखवा.

एक नारिंगी डबी. झाकणाखाली लाल बटण.
तीही परवानगीचीच, नुसती शोभेला ठेवलेली.
दाबलं की आभाळातून निरोप जातो.
कुणाला?
त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला.
कंपनीला.
कंपनी कुठं? लांब.
आकडे जातात म्हणे, अक्षांश, रेखांश.
आकडे वाचून किनवटातून रात्री
कोण चप्पल घालून निघणार आहे?

वॉकीटॉकीच्या खोक्यावर छापलं होतं, पाच किलोमीटर.
खोक्यावर समुद्र होता, ताटासारखा सपाट,
आणि टोपीतला एक माणूस हसत होता.
आमच्याकडं टेकडी, मग टेकडी,
मध्ये सागाची सुपाएवढी पानं,
आवाज झेलून परत न देणारी.
'पाचाचे दीड धरा,' पोशट्टी म्हणाला,
'जीपच्या अ‍ॅव्हरेजसारखं.'

भादव्यातल्या त्या रात्रीचं दोघांनीही काढलं नाही.
एक्सल तुटला तेव्हा साडेतीन वाजले होते.
मी लसीचा डबा कानाशी हलवून बघत होते,
आधी खडखड,
अंधार पडल्यावर डुचमळ.
पोशट्टी फोन घेऊन झाडावर चढला
आणि वरून म्हणाला, इथून चंद्र बरा दिसायलाय.
अठरा कुप्या गेल्या.
बायका पुढच्या आठवड्यात पुन्हा पोरं घेऊन आल्या,
दोघी आल्या नाहीत.

सकाळी कळलं, आम्ही अडकलो तिथून
वरचा रेंजचा दगड सरळ दिसतो.
तांड्यातली पोरं निकाल बघायला त्यावर चढतात.
रोज साडेसातला सेवंता आडे चढते,
चाकणला गेलेल्या लेकाशी बोलायला.
त्या रात्रीही ती तिथं होती. आमचे लाइट तिनं बघितले होते.
म्हणाली, मला वाटलं शिकारीवाले असतील,
म्हणून गप बसले.

म्हणून म्हटलं, मुनीरभाई, जोडी नको, तीन द्या.
'तिसरा कुणाला? गाडीत तर तुम्ही दोघंच.'
मी नाव सांगितलं.
बिलावर त्यांनी लिहिलं, आडेबाई, दगड.
शिट्टीचे दहा घेतले. दाढीचा आरसा तसाच दिला,
कोपरा फुटका होता.

चार्जिंगचं तिनं लगेच समजून घेतलं,
पिठाच्या गिरणीत लावते म्हणाली, तिथं लाइट टिकते.
अडलो तर बोलायचा शब्द मात्र पुस्तकात इंग्रजी होता.
तिनं तो दोनदा जिभेवर फिरवला
आणि तंबाखूबरोबर थुंकला.
'मी विचारीन, जेवलात का?
जेवलो म्हणालात तर मी घरला जाईन.
नाही म्हणालात तर फोन लावीन.
सरपंचाला, दवाखान्याला, माझ्या दिराच्या ट्रॅक्टरला.'

पहिला मंगळवार. घाट उतरताना साडेसात वाजले.
खरखर. पुन्हा खरखर.
मग डॅशबोर्डवरून, शेंगदाण्याच्या रिकाम्या पुडीशेजारून,
तिचा आवाज, शेजारच्या चुलीवरून यावा तसा,
'जेवलात का?'

गाडी ठणठणीत होती.
आणि सकाळच्या भाकरीनंतर
आमच्या पोटात मूठभर शेंगदाणे सोडून काही नव्हतं.
पोशट्टी कधी खोटं बोलत नाही, तेवढ्यापायी
त्याच्या दोन नोकऱ्या गेल्यात.
तो माझ्याकडं बघत राहिला,
बटण दाबलेलंच.