लाइट गेली तेव्हाचा उसासा

दांडिया बाजारात, छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या वर
जशुभाईंच्या खोलीत मी कापायला शिकले.
लग्नं. एका हंगामात सदतीस.
विदाईला नवरी रडलीच नाही, तर जशुभाई म्हणायचे,
होमाच्या धुराकडे जा, तिथं डोळे पुसलेत तिनं,
ते उचल, इथं लाव.
रडणं ते रडणं, पोरी, कुठूनही आणलं तरी बसतं.
आणि बसायचं.
नवरीची आई पेनड्राइव्ह घ्यायला यायची
आणि आमच्याच स्टुलावर बसून पुन्हा रडायची.

सकाळी कॉलेज. तिथं सगळ्यांना कॅमेरा हवा होता.
मला अंधारातली खुर्ची हवी होती,
पण कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
बाबांना सांगितलं.
म्हणजे शेवटी येतं ते नाव?
लोक चपला शोधत असतात तेव्हा?
हो, म्हटलं, तेच.
त्यांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली,
आणि पुन्हा तशीच घातली.

तिसऱ्या वर्षी बारिया मॅडमनी एक हार्डडिस्क दिली.
विश्वामित्रीचा काठ, पुरानंतरचा, त्रेसष्ट तास.
त्यात एक मगर अकरा मिनिटं काहीच करत नाही.
चौथ्यांदा पाहताना दिसलं,
तिच्या डोळ्यावरून काहीतरी आडवं सरकतं
आणि परत जातं.
त्या दिवशी मी जशुभाईंकडे गेले नाही.

आणि रेवाबेन पढियार.
रात्री पाणी आलं, म्हणाल्या, हे म्हैस सोडायला गेले,
आणि लगेच, श्वासही न घेता, रेशन कार्डाचं.
मला मध्ये थांबा हवा होता.
बावन्नाव्या तासात सापडला:
लांब उसासा, मान खाली, पदराचं टोक ओठांवर.
उचलला. लावला.
असा बसला की मॅडमच्या हातातला चहा निवला.

मग वस्तीतच दाखवायचं ठरलं.
शाळेचा व्हरांडा, खिळ्यांना बांधलेली चादर,
रेवाबेन पुढेच, मांडीवर कुणाचंतरी झोपलेलं पोर.
उसासा आला.
मागे कोणीतरी नाक ओढलं.
रेवाबेन हसल्या.
आ तो लाइट गई’ती ने, त्यारे! पंखो बंध थयो’तो!
मागे वळून सगळ्यांना सांगत सुटल्या, पंख्याचं, उकाड्याचं,
पोरं खिदळली.
मग चादरीकडे बघत, एवढ्या हळू की मलाच ऐकू आलं:
एमना वखते तो में कंई कर्युं ज न’तुं.
त्यांच्या वेळी मी काहीच केलं नव्हतं.

घरी जाताना काला घोड्याच्या पुलावर स्कूटी थांबवली.
खाली नदी दिसत नव्हती, वास येत होता.
सदतीस नवऱ्या आठवायचा प्रयत्न केला,
नऊ-दहाच आठवल्या.

आता फिल्ममध्ये असं आहे:
हे म्हैस सोडायला गेले, रेशन कार्ड अजून त्यांच्याच नावावर आहे.
तिथं आता कोणी नाक ओढत नाही.
मॅडम म्हणाल्या, इथं काहीतरी कमी वाटतंय.
मी म्हटलं, हो.

पुढच्या महिन्यात भोपाळला जायचंय,
एका माहितीपटावर सहायक, पगार जशुभाई देतात त्याहून कमी.
त्यांनी निघताना स्वतःचे हेडफोन दिले,
डाव्या कानाला गुलाबी ब्लाउजपीसची चिंधी गुंडाळलेले.
बाबांनी विचारलं, तिकडे तरी नाव थोडं लवकर येईल का.

उसासा मी पुसलेला नाही.
वेगळ्या फोल्डरमध्ये आहे, नाव दिलंय:
लाइट गेली, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.
काल रात्री जशुभाईंच्या हेडफोनवर ऐकला.
मागे पंखा आहे. तीन पाती,
सावकाश, अजून सावकाश, एक कट्‌, मग काही नाही.
तो आवाज तेव्हा मीच दाबला होता.