एका रात्रीचा गट नंबर

चौतीस वर्षं भूकरमापक होतो, आधी हवेलीत, मग वेल्ह्यात.
भावाभावांच्या मधोमध उभं राहून साखळी ओढली,
दगड रोवले,
आणि दगड सरकल्याचे अर्जही मीच वाचले.
आता आमची गाडी आहे. भोसरीत घेतलेली जुनी स्कूलबस,
पांढऱ्या रंगाखाली दाराच्या कडेला अजून पिवळी.
आत दोन बाकं, शेगडी, साठ लिटरची टाकी.
आणि दर पंधरवड्याला एकच प्रश्न:
रात्रीपुरती जमीन कुठं घ्यायची?

यंत्रं तर सरकारजमा झाली.
मी ओट्यावर लिंबू ठेवतो.
घरंगळलं नाही की जागा पास.
शालन म्हणते, तुम्ही उतार बघा, मी कडी बघते.
कडी म्हणजे संडासाची. आतून लागली पाहिजे,
लावताना बोट चेमटता कामा नये.
तळं, डोंगर, चांदणं वगैरे नंतर.

जवळचं म्हणून आधी पवनेला गेलो.
फोटोत तळं होतं. होतंच तळं,
पण तळ्याच्या नि आमच्या मध्ये चाळीस तंबू
आणि एक स्पीकर, ज्याची हद्द
कुठल्याच साखळीत मावत नव्हती.
तीनला शालननं कानात कापूस घातला,
चारला काढला आणि म्हणाली,
कडी मात्र चांगली होती हो.

मुळशीत मारण्यांच्या शेतात शांत.
भात कापून झालेला, बांधाला लागून गाडी,
नळ, प्लग, लिंबू जागचं हललं नाही.
दहा वाजता मालकाचा धाकटा भाऊ बॅटरी घेऊन आला.
ही जागा माझ्या हिश्श्यात येते, म्हणाला.
दोनशे त्यालाही दिले.
मग डोळे मिटले तरी नकाशाच दिसायला लागला,
पोटहिश्श्याची तुटक रेघ
बरोबर आमच्या दोन उशांमधून गेलेली.

समुद्र लांब. वारज्यातून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा,
पाच तास धरा. शालन असेल तर सहा,
कारण घाटात प्रत्येक मोठ्या वळणानंतर
तिला उतरायचं असतं
आणि माझं मोजणीचं लिंबू कापून चोखायचं असतं.
दिवेआगरला चोगलेबाईंची वाडी.
नारळाखाली लावू नका, म्हणाल्या,
काच फुटली तर पैसे मिळणार नाहीत.
पोफळीपलीकडे सुरूची झाडं, पलीकडे वाळू.
हद्द कुठवर? मी सवयीनं विचारलं.
त्या तांदूळ निवडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या, भरतीला विचारा.

रात्रभर विचारत बसलो.
खुर्ची टाकून, विजेरी लावून.
ओली रेघ दर वेळी दुसरीकडे,
आणि कुणाची हरकत नाही.
एकदा पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं,
चप्पल थोडी फिरवली, परत ठेवून गेलं.
गाडीत शालन घोरत होती.
त्या संडासाला कडी नव्हतीच,
सुतळी होती, खिळ्याला गुंडाळायची.
ती त्याबद्दल काहीच बोलली नाही.
सकाळी मागचं चाक वाळूत रुतलेलं,
चोगलेबाईंच्या मुलानं ट्रॅक्टर लावला,
तीनशे घेतले आणि दोन शहाळी दिली.

चांदणी चौकात दीड वाजला.
सोसायटीत लिफ्ट बंद, आमचा चौथा मजला,
आणि गुडघे माझे.
इथंच झोपू की, शालन म्हणाली.
आपल्याच पार्किंगमध्ये, वॉचमनच्या दिव्याखाली
मी शेगडी पुसली, पडदा ओढला,
आणि सवयीनं शेवटचं लिंबू ओट्यावर ठेवलं.
ते जरा थांबलं.
मग निघालं. शेगडीला वळसा घालून,
ओट्यावरून टपकन खाली,
बाकाखालून, दारापाशी.

बावीस वर्षं राहतोय इथं.
लिंबू उचलून पुन्हा ठेवलं.
पुन्हा दारापाशी.
उशी त्या बाजूला घ्या, शालन म्हणाली,
आणि दिवा बंद करा.