फरशी गार आहे

नारिनच्या सरकारी दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथं हीटर फक्त आवाज करतो,
बावीस वर्षं मी बसते आहे.
समोर आया. मांडीवर गाठोड्यासारखी पोरं,
तीन स्वेटर, वर शाल, शालीतून नुसतं नाक.
"डॉक्टर, जेवत नाही."
"भूक लागू द्या."
"डॉक्टर, अभ्यासाला बसत नाही."
"तुम्ही शेजारून उठा, मग बसेल."
"आणि पडला तर?"
पडेलच, म्हणते मी, आणि वजनाचा आकडा लिहिते.

माझ्याकडे एक कागद आहे, मीच लिहिलेला,
झेरॉक्स काढून काढून पुसट झालेला:
झोप नऊ तास. जेवताना मोबाइल नको.
हरला तर लगेच समजूत घालायला धावू नका.
कौतुक करायचंच तर कष्टांचं करा, नंबराचं नाही.
शेवटच्या ओळीखाली लाल रेघ आहे.

जूनमध्ये धाकट्या बहिणीची लेक चालू लागली.
आमच्याकडे अशा पोरीच्या घोट्यांना
काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ बांधतात.
मोठी पोरं लांबून धावत येतात,
पहिलं पोचेल त्यानं सुरीनं तो कापायचा.
त्याची चपळाई म्हणे तिच्या पायांत उतरते.
मी डॉक्टर आहे, असलं काही मानत नाही,
पण सुरीला धार आहे का, ते दोनदा पाहिलं.

एरबोल माझा. अकरा वर्षांचा.
आठवडाभर नदीकाठी धावत होता
आणि मी स्वयंपाकघरातून, त्याला न सांगता,
घड्याळ लावत होते.

कुरणाच्या टोकाला पोरांची रांग.
सासऱ्यांनी टोपी वर फेकली.
निम्म्या वाटेपर्यंत लाल बनियन पुढं होतं.
मग काय झालं कळलं नाही.
मेंढपाळ सुयुनची पोर, काल्बू, अनवाणी,
वाऱ्यासारखी त्याच्या बाजूनं निघून गेली.
मग आणखी चौघं.
दोरा कापला. बाळ दोन पावलं टाकून मटकन बसलं,
सगळे हसले, गरम बोरसोकचं ताट फिरलं.

मी गेले. अर्थात गेले. धावतच.
घोडीच्या पलीकडे, खुंट्याला टेकून,
गुडघ्यांत तोंड खुपसून बसला होता.
मी म्हणाले, "तू आठवडाभर मेहनत घेतलीस,
ती मी पाहिली आहे. तीच महत्त्वाची."
शब्दन् शब्द कागदावरचा.
तो म्हणाला, "आपा, दवाखान्यातलं बोलू नकोस."

मग मी गप्प.
गप्प बसणं किती अवघड, ते कागदावर कुठंच नाही.
माशा होत्या. घोडी शेपटी मारत होती.
खिशात कुरुतचा गोळा होता, सुक्या दह्याचा,
त्याच्यासाठी आणलेला.
मी तो माझ्याच तोंडात टाकला.
आंबट, दगडासारखा. विरघळता विरघळेना.

सावली घोडीच्या पोटाखालून सरकून आमच्यावर आली
तेव्हा तो बोलला, माझ्याकडे न पाहता:
"मी मागे वळलो होतो.
तू बघतेस का, ते पाहायला.
तू बघत होतीस."

एवढंच.
उठला, चड्डीची माती झटकली,
आणि काल्बूला विचारायला गेला
की तिच्या तळव्यांना काटे टोचत नाहीत का.

ऑक्टोबरात एक बाप आला. उंच, टोपी हातात,
कडेवर दीड वर्षाचा मुलगा.
चालतच नाही, म्हणाला.
मी कंबर तपासली, पाठ तपासली,
गुडघ्यावर हातोडी मारली, पाय टुणकन उडाला.
"खाली ठेवा त्याला."
"फरशी गार आहे, डॉक्टर."
"असू दे."
मी खण उघडला, कागद काढायला,
आणि तसाच बंद केला.
"इकडे या," म्हटलं, "खिडकीपाशी."

खाली आवारात काहीच नव्हतं.
एक सायकल, तीही चाक काढलेली.
आम्ही दोघं तिच्याकडे टक लावून पाहत राहिलो.
बापाची मान सारखी मागं वळू बघायची,
मी त्याची बाही धरून ठेवली.

बराच वेळ काही नाही.
मग फरशीवर कसलासा आवाज,
लहानसा,
आणि जरा थांबून
दुसरा.