तिसरी फळी

नेफासीतच्या उताराला, सातव्या वळणावर,
धुक्यात एक माकडीण बसली होती
पोटाशी पिल्लू धरून, रस्ता बापाचा असल्यासारखी.
मी ब्रेक दाबला. पुढचाच दाबला.
इतकंच आठवतं, आणि खांद्यात
चुलीपुढे काटकी मोडावी तसा
एक अगदी घरगुती आवाज.

पाव पोचवून परतणाऱ्या टेम्पोने मला वर आणलं, अस्माराला.
सायकल रिकाम्या टोपल्यांवर, मी ड्रायव्हरशेजारी.
तो प्रत्येक खड्ड्याची माफी मागायचा,
खड्ड्याच्या आधी, नंतर नाही.

वीज गेली होती. डॉक्टर लेतेकिदाननी
एक्स-रे खिडकीच्या काचेला लावला.
हासळी. गळ्यातल्या दागिन्याचं नाव लावणारं ते हाड
मधोमध दुभंगलेलं,
एक टोक दुसऱ्यावर चढलेलं, रांगेत घुसणाऱ्यासारखं,
आणि फासळ्यांमागे मशिदीचा मिनार, दोन ताड,
दोरीवर कुणाचं तरी धुणं.
"कापायचं नाही. बांधू, आणि वाट बघू."
"कोणी?"
"तू आणि हाडाने. मला पेशंट आहेत."

सहा आठवडे बसून झोपले.
पाठीशी तीन उशा, पट्टा काखांतून करकचून.
कूस हा शब्द मध्यरात्री आठवायचा,
परदेशी गेलेल्या मैत्रिणीसारखा.
शिंकेची चाहूल लागली की मी
गल्लीतल्या सगळ्यांच्या देवांना हाका मारायची.

अब्रेहेत सकाळी वेणी घालायला यायची,
संध्याकाळी स्वयंपाकाला.
धाकटी बहीण. लहानपणी तिच्या वेण्या घालताना
मी मुद्दाम ओढायचे.
आता कंगवा तिच्या हातात, डोकं माझं,
आणि मला मान वळवता येत नाही.
तिने ओढलं नाही.
मला तेच जास्त लागलं.

हाब्तोमने सायकल चार दिवसांत सरळ केली.
फोर्क ऐरणीवर, तीन घाव, एक डोळा मिटून नजर,
"झाली. तुझं काय?"

माझं काय.
नववी ब-च्या फळ्यावर डाव्या हाताने वर्तुळ काढलं,
बटाटा आला. वर्ग हसला, मग शहाण्यासारखा गप्प बसला.
फक्त नात्सिनेतने वहीत तोच बटाटा उतरवला,
केंद्रबिंदू दाखवून, त्रिज्या लिहून.
मी बरोबरची खूण केली. तीही वाकडी.

कॉफीच्या दुकानात म्हाताऱ्या गेब्रेझगींनी
सगळ्यांदेखत कॉलरचं बटण काढलं.
"ही अडुसष्टची. ही एकाहत्तरची. हात लाव."
कातडीखाली दोन गुठळ्या, भिजल्या हरभऱ्याएवढ्या.
मला वाटलं, आता हा काहीतरी मोठं बोलणार,
तरुणपणाबद्दल, पडण्याबद्दल.
"थंडीत खाजतात," म्हणाले, आणि साखर मागवली.

पट्टा सुटल्यावर भिंत.
बोटांनी भिंत चढायची, मुंगीच्या चालीने,
जिथे दम संपेल तिथे पेन्सिलची रेघ.
भाच्याची उंची मोजल्याच्या जुन्या रेघा शेजारीच होत्या.
पहिल्या दिवशी मी तीन वर्षांची होते.
मग चार. मग कितीतरी दिवस चारच.
रागाने एकदा खोटी रेघ मारली,
रात्री उठून पुसली.

पहिल्या फळीवर मीठ,
दुसरीवर कॉफीच्या बिया,
तिसरीवर बर्बेरेची बरणी.
नवव्या आठवड्यात, रविवारी, घरात कुणी नसताना,
हात वर गेला. आत काहीतरी कुरकुरलं,
जुनं दार कुरकुरतं तसं, पण उघडतं.
बरणी बोटांना लागली. पकडली. उतरवली.

हलकी होती. झाकण काढून पाहिलं,
तळाला चिमूटभर लाल धूळ.
दोन महिने माझ्याच घरात जेवत होती बया,
आणि एका शब्दाने सांगितलं नाही.

सायकल बाहेर काढली.
बाजार उताराला आहे.
दोन्ही ब्रेक.