तुरटीची गोळी

वरणगावच्या कारखान्यात मी गेजिंगला होते, एकोणीस वर्षं.
पुंगळी गेजच्या भोकात घालायची,
गेली तर गेली,
अडकली तर लाल डब्यात.
पुढे ती कोणात गेली, कोणात अडकली
हे मोजायला आमच्याकडे भोक नव्हतं.

वासुदेव फिरके शिशाच्या भट्टीवर.
उंच, जरासा वाकलेला,
शर्टावर केळीच्या चिकाचे डाग,
जे निघत नाहीत हे इकडे लग्न होऊन आलेल्या पोरीला
पहिल्याच धुण्यात कळतं.

त्याचा मावसभाऊ फौजेत.
सुट्टीवर आला की खाटेवर पडून राहायचा.
एकदाच बोलला : तीन तास लागले रे भो.
कोणाला, ते नाही सांगितलं.

मग एका रविवारी सुपडूच्या दुकानात
फिरकेच्या हनुवटीला वस्तरा लागला.
सुपडूने तुरटीचा खडा फिरवला. म्हणाला, झालं, बंद.
फिरके तिथेच बसून राहिला म्हणे,
त्याच्यानंतरची तीन गिऱ्हाइकं उठून गेली तरी.

सोमवारी सुझाव पेटीत कागद.
विषय : कमी रक्त सांडणारी गोळी.
आत शिरल्यावर तिने कोलांट्या खाऊ नयेत,
फुटू नये, फुलू नये,
आली तशी सरळ निघून जावं
आणि जाता जाता वाटेला तुरटी लावत जावं.
माणूस पडावा.
पण दिवेलागणीला कोणी विचारलं, पाणी पाहिजे का,
तर त्याला हो म्हणता यावं.
ही शेवटची ओळ निळ्या शाईत,
बाकी सगळं काळ्या.

आम्ही हसलो. मीही.
घरी बायको विचारायची, गोळी घेतली का रक्तदाबाची,
तर हा म्हणायचा, कोणती?
शेतात केळीच्या खोडात त्याने गज ठोकला,
तुरटीच्या पाण्यात रात्रभर भिजवलेला.
पाणी थांबलं नाही.
सकाळपर्यंत ठिबकत होतं, मातीत एक काळी वाटी झाली.
मले म्हणाला, केळीले काय कळते तुरटी.

मे महिन्यात साहेबांनी बोलावलं.
पंखा, काचेखाली देवाचा फोटो, थंड पाण्याचा ग्लास
आणि फिरकेला चक्क खुर्ची.
साहेब खूश होते.
म्हणाले, जीव जाणार नाही म्हटल्यावर
हात आखडायचं कारणच राहत नाही.
मोर्चा असो, बाजार असो,
आधी झाडा, मग बघा.
वरच्यांना आवडेल हे, फिरके.

फिरकेने ग्लास खाली ठेवला.
माझा कागद परत द्या, म्हणाला.
पेटीत पडलेला कागद परत मिळत नसतो,
असं साहेबांनी फार प्रेमाने समजावलं.

कागद वर गेला. वर म्हणजे कुठे,
ते भट्टीवरच्या माणसाला कळत नाही.
ना शंभर रुपये आले, ना नकार.

त्यानंतर रोज, डब्याच्या सुट्टीच्या आधी,
तो माझ्या टेबलाशी यायचा.
ढिगातली एक उचलायचा,
इकडेतिकडे बघून जिभेच्या टोकाला लावायचा.
डोळे मिटून.
मग म्हणायचा, नाही, साधीच आहे.
मारणारीच.
आणि चेहरा असा सैल पडायचा
जसा परीक्षेत पोरगा पास झालेल्या बापाचा.
मी कधी विचारलं नाही.
काय विचारणार?

तो गेला तेव्हा माझी दोन वर्षं उरली होती.
शेवटच्या दिवशी हार झाले, फोटो झाले,
हातात घड्याळाचं खोकं.
टेबल पुसायला म्हणून परत आत गेले.
नवा लॉट आला होता, अजून कोमट.

एक उचलली.
लावली.

जीभ आखडली.

तांब्यानेही आखडते, असं म्हणतात.
लाल डबा जवळच होता.
गेजमध्ये ती सरळ गेली.