काजळी

पहिलं सत्रभर आम्हाला शिकवलं
ते फक्त पाणी बदलणं.

एकवीस टाइल्स, निळ्या-पांढऱ्या,
सेतुबालच्या बंदरामागे
एका स्वयंपाकघराच्या भिंतीवरून उतरवलेल्या.
पाठीकडून समुद्राचं मीठ चढलेलं,
झिलईखाली फुगून
पोपडे धरायला लागलेलं.
तबकांत त्या निजवायच्या ऊर्ध्वपातित पाण्यात,
रोज सकाळी मीटरची कांडी बुडवायची,
आकडा वहीत उतरवायचा,
पाणी ओतायचं, नवं भरायचं.
बेचाळीस दिवस.

मी काझिमिरु सरांना विचारलं,
आपण नेमकं करतोय काय?
वाट बघतोय, ते म्हणाले.
मीठ आपणहून निघतं.
घाई केलीत तर टाइल घेऊन निघतं.

एकदा कुणी नव्हतं तेव्हा
ओतायच्या पाण्यात मी बोट बुडवलं, चाखलं.
सादू नदीच्या मुखाची चव, फार पुसट.
कधीतरी आत शिरलेली भरती
आत्ता कुठे ओसरत होती.

मग स्वच्छता.
काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला टेकवायचा.
हसू नका, थुंकी हे आमचं पहिलं रसायन,
बाटल्यांची बुचं त्यानंतर.
घासायचं नाही, फिरवायचं.
एका काडीला एक पेरभर जागा.

नवव्या टाइलवर एक जहाज होतं
आणि जहाजाच्या वर
तळव्याएवढा काळा डाग, चिवट.
तीन दिवस मी त्याच्या मागे लागले.
चौथ्या दिवशी काळ्यातून शीड निघालं,
वाऱ्याने टम्म भरलेलं,
इतकं निळं की मी शेजारच्या मुलीला हाक मारली.
अहवालाच्या रकान्यात लिहिलं:
काजळी, तेलकट. काढली.
वीसपैकी अठरा मिळाले.

मे महिन्यात एर्मेलिंदाबाई आल्या,
घर त्यांचं होतं.
शहाऐंशीचं वय, ठेवणीतले बूट,
गाडी चालवून आणणारा भाचा दारातच फोनवर.
प्रत्येक टाइलला त्यांनी बोटाची मागची बाजू लावली,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी.
नवव्यापाशी थांबल्या.

ही आमची नाही.

मी नंबर दाखवला, भिंतीचा फोटो दाखवला.
त्या मान हलवत राहिल्या.
आमच्या जहाजाला शीड कुठलं?
धूर होता. आगबोट होती ती.
खाली आईची शेगडी, रोज सार्डिन.
जेवताना आई बोट दाखवायची,
बघ, धूर दिसतोय, म्हणजे बाबा निघालेत.
रोज थोडा जास्त दिसायचा.

खोलीत डीह्युमिडिफायर घुरघुरत होता.
मी कुठे बघावं हे मला सुचेना.
राखायला बसले होते,
आणि त्यांची राखच पुसून टाकली होती
स्वतःच्या थुंकीने.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला,
शिडाकडे बराच वेळ पाहिलं.
शीड आहे होय, म्हणाल्या.
म्हणजे वाऱ्याच्या भरवशावर निघाले होते ते.
मग बरोबर.
आई उगीच घड्याळ बघायची.

त्या गेल्यावर सर म्हणाले,
आपण जे लावतो ते पुढच्याला काढता आलं पाहिजे,
हा नियम तुला पाठ आहे.
जे काढतो त्याला नियम नाही.
आणि हात धुवायला गेले.

काड्या मी फेकल्या नव्हत्या,
निव्वळ आळस म्हणून.
ड्रॉवरमागच्या पिशवीत होत्या, एकशे सात,
टोकं काळी, वास अजून खमंग.
काचेच्या बरणीत भरल्या, झाकण लावलं,
चिठ्ठी चिकटवली: ९-अ.
वस्तूच्या रकान्यात धूर लिहिलं.
तो खोडून कापूस लिहिलं.
तोही खोडला.

सरांनी खाडाखोडीसकट सही केली.
मार्क मात्र अठराच ठेवले.